छाप्यात काटा

आधी दिवा खाली घे, राडोवान. टेबलाला टेकेल इतका.
वरून पडणाऱ्या उजेडात सगळीच नाणी निर्दोष दिसतात.
आता कोरुना तिरकी धर, आणि श्वास जरा रोखून,
भिंगावर धुकं येतं.

ही गुडघे टेकून लिंडनचं रोप लावणारी बाई,
हिला तू ओळखतोस, तुझ्या आजोबांच्या खिशात ती असायची.
तिच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत बघ,
जिथे कुणीच काही कोरलं नव्हतं.
एक बाक दिसतो? केसाएवढा?

ओरखडा नाही तो. ओरखडा धातू फाडत जातो,
काठाला नखाला लागेल अशी धार सोडतो.
हा आत दबलेला. गुळगुळीत.
जन्मखुणेसारखा.

हा ट्रेसिंग पेपर घे. मागच्या बाजूचा सिंह काढलाय मी,
दोन शेपट्यांचा.
कागद पालथा कर. सिंहानं तोंड फिरवलं.
ठेव बाईवर, गोल फिरव, हळू,
काठाला काठ लागू दे.
बसली ना शेपटी त्या बाकात?

प्रेसमध्ये दोन ठसे समोरासमोर असतात,
दिवसभर एकमेकांवर धावून जातात
आणि भेटत कधीच नाहीत.
मध्ये चकती असते. मार ती खाते.
मग एखाद्या वेळी नळीत चकती अडकते,
घाव काही थांबत नाही.
पोलादावर पोलाद.
त्यानंतरच्या प्रत्येक नाण्याच्या
छाप्यात काटा, काट्यात छापा.

लबाडी कशी ओळखायची, तेही ऐक.
कुणी दोन नाणी शिकंज्यात दाबून असा डाग पाडतो,
तेव्हा बाईचा खांदा चेपतो, गुडघा चेपतो.
उंचवटा आधी सापडतो ना.
खऱ्यात ती अंगानं धड असते, डाग फक्त सपाटीवर.
ठशात जिथे खोल होतं
तिथे कुणाला काही लागलंच नाही.

आता तू विचारशील, तपासणीतून हे सुटलं कसं.

तपासणीला एक बाई बसायची. मी.
क्रेम्निका, फेब्रुवारी, रात्रपाळी,
बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या.
तिसऱ्या प्रेसवर वेंडेलीन.
तो आवाज मी पाठमोरी असताना ओळखला.
बाकीच्या घावांना थोडा ओलावा असतो,
हा कोरडा, दारावर दार आपटल्यासारखा.
मी मान वर केली. त्यानं केली नाही.

एक दंड आधीच झाला होता त्याला त्या महिन्यात.
आणि दुपारी आम्ही भांडलो होतो,
बटाट्यांवरून.
बटाट्यांवरून नाही.

मी एक मूठ उचलली, एक नाणं तिरकं धरलं,
शेपटी पाहिली
आणि पट्टा पुढे जाऊ दिला.
किती गेली, मोजलं नाही. पावासाठी, ट्रामसाठी,
कुठल्याशा पोराच्या गल्ल्यात गेली असतील.
पहाटे त्यानं ठसा बदलला, वहीत लिहिलं: झिजला.
त्या शब्दाखाली माझी सही आहे.

जेवणाच्या टेबलावर कधी विषय निघाला नाही.
सुटे पैसे मात्र तोच मोजायचा, खिडकीशी जाऊन,
आणि मी बशा विसळत राहायचे.

किंमत मला विचारू नकोस. तू ब्रातिस्लाव्हात विचार,
तिकडे लोक डागालाही भाव देतात.
फक्त एक मिनिट दे नाणं इकडे.
तो आतल्या खोलीत जागाच असतो, दुपारीही.
मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारतो हल्ली.

बघ, अंगठा कसा फिरतोय. हातांना अजून सगळं येतं.
रोप. पदर. हात.
मग पाठीमागची सपाटी.

थांबला.

"कोरडा वाजला, ओतिल्का."

माझं नाव. गेल्या शरदानंतर पहिल्यांदा.

मी त्याची मूठ मिटवते, वर माझा हात ठेवते.
"झिजला होता ठसा," मी म्हणते,
"वहीत लिहिलंय तसं."

राडोवान, दिवा वर घे आता.